गच्चीवर मोठं लिंबाचं झाड: आधी मुळांची सोय

गच्चीवरच्या बागांमध्ये कागदी लिंबाचं कलम हमखास असतं आणि बहुतेक ठिकाणी ते कमरेएवढं होऊन थांबलेलं असतं. पानं फिकट, चार फुलं येतात, वाटाण्याएवढी फळं धरतात आणि गळून जातात. मग मालक नर्सरीत जाऊन नवं खत आणतो. झाड आणखी पिवळं पडतं.

शेतातलं लिंबू दहा-पंधरा फूट सहज वाढतं. ड्रममध्ये त्याची उंची सहा-सात फूट आणि घेर जवळपास तेवढाच ठेवला, तर घरच्या वापराची लिंबं मिळतात आणि झाड वर्षानुवर्षं टिकतं. मात्र जमिनीतल्या झाडाला एक सवलत असते. एका बाजूला पाणी साचलं, कडक थर लागला, की मुळं दुसरीकडे वळतात. ड्रममध्ये दुसरीकडे असं काही नसतंच. म्हणून कुंडीतलं लिंबू अडतं ते बहुतेक वेळा खत कमी पडलं म्हणून नव्हे, मुळांना हवा कमी पडली म्हणून. पुढे सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्याशी येऊन मिळते.

जागा आणि वजन

लिंबाला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. टाकीच्या सावलीत किंवा पूर्ण उत्तरेच्या बाजूला झाड हिरवं राहील, पण फळेल असं नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि शेजारच्या इमारतीची सावली लांबते. त्यामुळे जागा ठरवताना डिसेंबरचं ऊन बघा, मे महिन्याचं नव्हे.

दुसरा प्रश्न वजनाचा. ओली काळी माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. शंभर लिटरचं भांडं नुसत्या मातीनं भरलं तर ते पावणेदोनशे किलोंच्या घरात जातं. हलकं मिश्रण वापरलं तर तेच ओझं शंभर-सव्वाशे किलोंवर येतं. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. म्हणून ड्रम स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. खाली तुळई, खांब किंवा भिंत आहे अशा कडेच्या जागी, एकमेकांपासून अंतर सोडून ठेवा. इमारत जुनी असेल, गळती असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी घ्या. भरलेला ड्रम नंतर हलत नाही.

ड्रम कसा निवडावा, कसा तयार करावा

भंगारवाल्याकडे मिळणारा २०० लिटरचा प्लॅस्टिकचा निळा ड्रम आडवा कापला की शंभर-शंभर लिटरची दोन भांडी होतात. प्रत्येकाची खोली साधारण दीड फूट आणि व्यास पावणेदोन ते दोन फूट. लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटात पसरतात, त्यामुळे ही खोली पुरते. अख्खा ड्रम उभा वापरला तर तळाची माती कायम ओली राहते आणि कुजते. लिंबाला खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची.

ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. खाद्यतेल, सरबत, लोणचं असेल तर चालेल. रसायनाचा वास येत असेल तर फुकट मिळाला तरी नको. कापलेल्या कडेवर जुना रबरी पाइप उभा चिरून बसवला की हात कापत नाही.

तळाला बोटाच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा आणि बाजूला, तळापासून दोन इंचांवर, आणखी चार-पाच. झाडाच्या मुळांनी तळची भोकं बुजवली तरी ही बाजूची भोकं पाणी सोडत राहतात. भोकांवर माठाची खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. तळाला खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे निचरा वाढण्याऐवजी ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. विटांचे तुकडे वापरायचेच असतील तर ते सगळ्या मिश्रणात मिसळा.

ड्रम तीन-चार विटांवर उचलून ठेवा. भोकं मोकळी राहतात, खालून हवा खेळते आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये मुळं शिरायचा धोका कमी होतो. खाली ताटली ठेवत असाल तर पावसाळ्यात ती काढून टाका, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढतात.

निळा ड्रम उन्हात तापतो. विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा ड्रमच्या भिंतीला चिकटलेली मुळं अक्षरशः भाजतात. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा चुना फासा आणि उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधा.

मातीचं मिश्रण

देशावरची काळी माती जशीच्या तशी भरू नये. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. लिंबाला साडेपाच ते सात सामूची माती मानवते. कोकणातली तांबडी माती निचऱ्याला चांगली, पण अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात कमजोर. सगळीकडे चालेल असं प्रमाण असं:

चार भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट, दोन भाग धुतलेला कोकोपीट आणि एक भाग भाताचं तूस किंवा विटांचे बारीक तुकडे. शंभर लिटरला दोन-तीन मुठी निंबोळी पेंड.

मूठभर ओलं मिश्रण दाबून बघा. गोळा व्हावा आणि बोटानं ढोसताच फुटावा. फुटला नाही तर माती कमी करा.

माती आणखी कमी करायची असेल तर पालापाचोळा आणि उसाचं चिपाड आहेच. प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोलकर शहरातल्या लोकांना सांगत असत ते हेच, की बाहेरून माती विकत आणण्यापेक्षा घरातल्या आणि परिसरातल्या काडीकचऱ्यातून ती तयार करा. रसवंतीवाला चिपाड बहुधा फुकट देतो. फक्त ते ताजं भरू नका. कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. तीन-चार महिने शेणाच्या पाण्यात भिजवून, थर लावून कुजवा आणि मग मिसळा.

कलम घेताना

महाराष्ट्रात कागदी लिंबाची रोपं बियांपासूनही मोठ्या प्रमाणावर करतात. बरीचशी आईसारखीच निपजतात, पण फळायला चार-पाच वर्षं लावतात. ड्रमसाठी गुटी कलम किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेलं कलम घ्यावं. गुटीला सोटमूळ नसतं, मुळं आडवी पसरतात आणि फळही लवकर येतं.

जातींपैकी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई शरबती’ आणि परभणीच्या विद्यापीठाच्या ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ या नावाजलेल्या आहेत. शेवटच्या दोन घोसानं फळतात. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून किंवा शासनमान्य नर्सरीतून पावती घेऊन रोप घ्या.

फळं लगडलेलं कलम बघून भुलू नका. पिशवीत लटकलेल्या लिंबांनी रोपाची ताकद आधीच खाल्लेली असते. पानांवर उंचवट्याचे तपकिरी डाग नाहीत ना, खोडातून डिंक येत नाही ना आणि पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं नाही ना, हे बघा. हातभर उंचीचं, सरळ खोडाचं, तजेलदार रोप कधीही चांगलं.

लागवड दोन टप्प्यांत

छोटं रोप थेट शंभर लिटरमध्ये लावायचा मोह होतो. पण मुळं जेवढ्या मातीतलं पाणी पितात तेवढीच माती लवकर सुकते. उरलेली ओली राहते, तिच्यातली हवा संपते आणि ती आंबते. म्हणून पहिलं वर्ष रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत काढा. मुळांनी बादली भरली की ड्रममध्ये हलवा.

लागवडीला पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतरचा काळ उत्तम. पिशवीतली लाल चिकण माती कडक असेल तर रोप अर्धा तास पाण्यात ठेवा, मग बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करा. तसंच घट्ट गोळ्यासकट लावलं तर मुळं महिनोन्‌महिने त्या गोळ्याबाहेर पडत नाहीत. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे. जोड गाडला गेला तर खोड कुजतं. बांबूची काठी रोवून सैल आठच्या आकड्यात दोरी बांधा. ड्रम काठोकाठ भरू नका. वर तीन इंच जागा पाण्यासाठी आणि आच्छादनासाठी सोडा.

पाणी

‘रोज एक तांब्या’ हा लिंबाला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. वरची माती ओली, मधली कोरडी, असं होत राहतं आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांजवळ साठतात. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्यायचं ते तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत. पाणी खाली उतरताना मागे ताजी हवा ओढली जाते, हा त्याचा दुसरा फायदा.

मोठ्या झाडाला एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी आठ-दहा लिटर लागू शकतं. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी पुरतं आणि पावसाळ्यात उघडीप असेल तरच. पानं दुपारी मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका. पाणी जास्त झालं तरी मुळं गुदमरून पानं तशीच मलूल होतात. आधी बोट, मग पाइप.

मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, पण ते खोडापासून चार बोटं लांब. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी दोन महिन्यांतून एकदा भरपूर पाणी सोडून क्षार धुवून काढावेत. तेवढ्याच हेतूनं पहिला पाऊस मोकळेपणी पडू द्या.

आकार देणं

लिंबाचं झाड स्वतःच्या मनानं वाढू दिलं की झुडूप होतं. ड्रममध्ये ते एका खोडावर ठेवायचं. जमिनीपासून दीड फुटापर्यंत येणारे सगळे फुटवे काढत राहा. विशेषतः कलमाच्या जोडाखालून आलेले, कारण ते खुंटाचे असतात आणि वरचं कलम मारून टाकतात. खोड दोन-अडीच फुटांवर गेलं की शेंडा खुडा. बाजूला फुटणाऱ्या फांद्यांतल्या चार दिशांच्या तीन-चार जोमदार फांद्या ठेवा, बाकीच्या काढा. त्या हातभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. अशानं झाड उंच न जाता रुंद होतं आणि वळवाच्या वादळात ड्रमसकट कोलमडत नाही.

पुढे दरवर्षी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सरळसोट वर जाणाऱ्या जाड काटेरी फांद्या काढायच्या. या शेवटच्यांना शेतकरी पाणसोट म्हणतात. ते झाडाचं बरंच अन्न खातात आणि फळतात क्वचितच. मधला भाग मोकळा ठेवा म्हणजे ऊन आत पोचेल. छाटणी कोरड्या हवेत करा, भर पावसात नको.

ड्रममध्ये हलवल्यानंतरच्या पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाका. जड जातं, पण त्या वर्षी झाडानं अंग धरायचं असतं.

खत

ड्रममधलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून थोडं आणि वारंवार. महिन्याला दोन-तीन मुठी गांडूळखत, दोन महिन्यांतून एकदा मूठभर निंबोळी पेंड आणि पंधरवड्यानं शेणाची आंबवलेली स्लरी किंवा जीवामृत दहापट पाण्यात मिसळून. रासायनिक खत चालत असेल तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत कधीही घालू नका.

पिवळं पान दिसलं की ते कुठलं आणि कसं पिवळं आहे ते बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता, जी बहुधा चुनखडीमुळे किंवा साचलेल्या पाण्यामुळे असते. कोवळी पानं लहान, अरुंद आणि शिरांमध्ये चट्टे, तर जस्त कमी. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियम. जुनी पानं सरसकट फिकट, तर नत्र. जस्तासाठी लिटरला पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना गाळून फवारतात. लोहासाठी चिलेटेड खत पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. पण माती सतत ओली असेल तर आधी निचरा दुरुस्त करा. मुळं गुदमरलेली असताना वरून दिलेलं काहीही उपयोगी पडत नाही.

बहार धरणं

महाराष्ट्रात लिंबाचे तीन बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, जून-जुलैचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. फूल ते फळ साधारण पाच-सहा महिने. हस्त बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात, लिंबं महाग असतात तेव्हा येतात.

फुलं यावीत म्हणून शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतात. ड्रममध्ये हे जपून करायचं, कारण शेतात जे व्हायला काही आठवडे लागतात ते इथे काही दिवसांत होतं. पानं सकाळपर्यंतही सावरत नाहीत किंवा थोडी पानगळ सुरू झाली, की ताण पुरे. मग आच्छादनाखाली कंपोस्ट घाला, पहिलं पाणी हलकं, दुसरं थोडं जास्त, तिसरं पूर्ण.

हस्त बहारासाठी ताण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पडावा लागतो आणि शेतात तेव्हा पाऊस असतो. गच्चीवाल्याला इथे एक सोय आहे. खोडाभोवती ड्रमच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद उतरता बांधला की पाऊस बाहेर आणि माती कोरडी. आठवड्यातून एकदा उघडून माती बघा, आणि ताण संपताच कागद काढा. तो तसाच राहिला तर मुळांची हवाही बंद होते.

फळं धरल्यावर मात्र पाण्यात हेलकावे नकोत. एकदा कोरडं, एकदा चिंब, असं झालं की लहान फळं गळतात आणि मोठी तडकतात.

कीड आणि रोग

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि लहान झाडाची सगळी पालवी फस्त करते. हातानं वेचा. शेजारच्या कढीपत्त्यावर सोडली तर तिथेही ती जगते, म्हणून कढीपत्ताही तपासा. पानावर रुपेरी नागमोडी रेघा ओढणारी नागअळी आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून, संध्याकाळी फवारा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा.

पानांवर, फळांवर खडबडीत तपकिरी डाग आणि भोवती पिवळं वलय असेल तर तो खैऱ्या. तो पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. रोगट फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटून नष्ट करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम फवारा आणि पाणी पानांवर न मारता मातीत द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावली तर डिंक्या रोगाला आळा बसतो.

दर तीन वर्षांनी मुळांची छाटणी

काही वर्षांनी मुळं ड्रमभर गोल फिरतात, पाणी घालताच ते कडेनं निसटून खाली जातं आणि वाढ थांबते. झाड बाहेर काढणं दोन माणसांचं काम. त्यापेक्षा सोपा उपाय असा: फळं काढून झाल्यावर, ऊन सौम्य असताना, ड्रमच्या कडेला समोरासमोर दोन पाचरी, वीतभर रुंद, तळापर्यंत खणून काढा. त्यातली मुळं धारदार सुरीनं तोडा, नवं मिश्रण भरा आणि वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात हलक्या करा. पुढच्या वर्षी उरलेल्या दोन बाजू.

लिंबं झाडावर पूर्ण पिवळी व्हायची वाट बघू नका. साल पातळ, गुळगुळीत, फिकट हिरवी झाली की देठाचा छोटा तुकडा ठेवून कात्रीनं तोडा. ओढून तोडलेलं लिंबू देठापाशी सडतं.

यंदा लिंबू लावणार असाल तर नर्सरीची वाट शेवटी धरा. आधी जागा आणि तिच्याखालची तुळई बघा, मग ड्रम कापून भोकं पाडा, उन्हाळ्यात कंपोस्ट कुजवून मिश्रण तयार ठेवा, आणि पाऊस स्थिरावला की कलम आणा. या क्रमानं गेलात तर पुढची काही वर्षं खताच्या दुकानात फारसं जावं लागणार नाही.